एका टेबलावर किती लाभार्थी?

कल्याणकारी योजनांवरची आपली चर्चा दोन आकड्यांभोवती फिरते: लाभार्थी किती आणि खर्च किती. विधिमंडळात हेच विचारले जाते, मथळे याचेच होतात, प्रचारसभांतही हेच ऐकवले जाते. तिसरा आकडा सहसा कोणी मागत नाही. हे अर्ज तपासणारी माणसे किती, त्यांच्या एकेका टेबलावर किती प्रकरणे आहेत आणि ते काम त्यांना शिकवले कोणी? निराधारांच्या अनुदानापासून ‘लाडकी बहीण’पर्यंतचा महाराष्ट्राचा साडेचार दशकांचा प्रवास पाहिला, तर योजना कुठे पोचली आणि कुठे अडली याचे उत्तर बऱ्याचदा या तिसऱ्या आकड्यात सापडते.

एक टेबल, दोन विभाग

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८०ची, अंतुले मुख्यमंत्री असतानाची. योगायोग असा, की त्याच वर्षी मायकेल लिप्स्की या अमेरिकी राज्यशास्त्रज्ञाचे ‘स्ट्रीट-लेव्हल ब्युरोक्रसी’ हे पुस्तक आले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: धोरण वर ठरते हे अर्धेच खरे. खिडकीवरचा कर्मचारी अपुऱ्या वेळात, अपुऱ्या माहितीवर जो निर्णय घेतो, तेच नागरिकाच्या वाट्याला आलेले धोरण असते. काम हाताबाहेर गेले की हा कर्मचारी आपोआप छाटणी करू लागतो. सोपी प्रकरणे आधी हातावेगळी होतात, किचकट प्रकरणे ‘त्रुटी’ काढून बाजूला पडतात आणि ज्याला बोलता येत नाही तो मागे राहतो. यात दुष्टपणा असतोच असे नाही. दिवसाचे तास तेवढेच असतात.

महाराष्ट्रात हे टेबल तहसील कार्यालयातल्या ‘संगांयो’ म्हणजे संजय गांधी योजना शाखेत असते. नायब तहसीलदार, अव्वल कारकून, एखाददुसरा महसूल सहायक आणि बऱ्याच ठिकाणी कंत्राटी डाटा एंट्री ऑपरेटर. संजय गांधी योजना, श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन आणि १५ ऑगस्ट १९९५ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमातली केंद्राची वृद्ध, विधवा व दिव्यांग निवृत्तिवेतने असे सगळे याच शाखेकडे येते.

अडचण रचनेतच आहे. योजना, निकष आणि निधी सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाचा. माणसे महसूल विभागाची. एक विभाग निकष बदलतो, लाभार्थी वाढवतो, नवे पोर्टल आणतो. ते काम ज्यांच्या अंगावर पडते त्यांची पदे, बदल्या आणि परीक्षा दुसऱ्या विभागाच्या हातात असतात. महसूल विभागाच्या दृष्टीने तहसीलचे मुख्य काम जमीन, वसुली, निवडणूक आणि आपत्ती. अवकाळी झाला की पंचनामे, आचारसंहिता लागली की निवडणूक शाखा. अशा वेळी संगांयोचा कारकून उसना घेतला जातो आणि त्याच्या टेबलावरची आवक तशीच साचत राहते.

शाळेत पट वाढला की संचमान्यतेत शिक्षकाचे पद निघते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले आहे. आशा कार्यकर्ती हजार लोकसंख्येमागे एक, ग्रामीण अंगणवाडी ४०० ते ८०० लोकसंख्येमागे एक. संगांयोच्या टेबलाला असा मापदंड नाही. आकृतिबंध कार्यालयानुसार पदे ठरवतो; तालुक्यात लाभार्थी दुप्पट झाले म्हणून टेबल वाढत नाही.

एक अर्ज जवळून

हे काम म्हणजे नुसती नोंदणी, असा समज असेल तर एक अर्ज उलगडून पाहावा. समजा, चाळिशी ओलांडलेली एक विधवा आली आहे. हाताशी वयाचा पुरावा, महाराष्ट्रात १५ वर्षे राहत असल्याचा पुरावा, पतीच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार आणि पासबुक. कारकुनाने पहिला प्रश्न विचारायचा तो दारिद्र्यरेषेच्या यादीतल्या नावाचा. नाव असेल तर केंद्राचे ३०० रुपये आणि वर राज्याचे १,२००. नसेल तर सगळे १,५०० राज्याच्या शीर्षातून. बाईंच्या हातात रक्कम तीच पडते, पण देयक वेगळे आणि यादीही वेगळी. पुढे ६५ वर्षे पूर्ण झाली की हेच नाव श्रावणबाळमध्ये वळवायचे. तिथे पुन्हा गट ‘अ’ आणि गट ‘ब’. यादीतल्या वृद्धाला केंद्राचे २०० आणि राज्याचे १,३००. ऐंशी ओलांडली की ५०० आणि १,०००. केंद्राचा २०० रुपयांचा आकडा २००७पासून तसाच आहे. राज्याने एकूण रक्कम २०१९मध्ये ६००वरून १,००० आणि २०२३मध्ये १,५०० केली. दर बदलासरशी सगळ्या याद्या या टेबलावर नव्याने जुळवाव्या लागल्या.

पात्रतेची यादीही लांबलचक आहे. दिव्यांग, अनाथ मुले, क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, सिकलसेलचे रुग्ण, घटस्फोटिता, परित्यक्ता, देवदासी, तृतीयपंथी, शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी, ३५ वर्षांवरील अविवाहित स्त्री. यातली निम्मी कलमे खुद्द अर्जदाराला ठाऊक नसतात. ‘घटस्फोटाचा कागद नाही, तर अर्ज होत नाही’ असे सांगणारा कारकून आणि ‘परित्यक्ता म्हणून अर्ज करा, त्याला अमुक कागद लागतील’ असे सांगणारा कारकून यांच्यात फरक आहे तो फक्त माहितीचा. त्या फरकापायी एका बाईची काही वर्षांची रक्कम जाते किंवा राहते.

सर्वांत अवघड जागा उत्पन्नाची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवे. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. २०२४-२५मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. हमीचे शंभर दिवस पूर्ण भरले तर २९,७०० होत. म्हणजे सरकारनेच दिलेल्या हमीइतके काम कोणाच्या घरात झाले, तर ते घर मर्यादेबाहेर गेले. मग गावपातळीवरून दाखल्यासाठी आकडा कोणता जातो, हे कार्यालयात सगळ्यांना माहीत असते. नव्या कर्मचाऱ्याला नियम पुस्तकातून कळतो आणि प्रत्यक्षातली रीत शेजारच्या टेबलाकडून. नियम पाळला तर गरीब बाहेर राहतो, रीत पाळली तर सही करणाऱ्याची मान चौकशीत अडकू शकते. कोणतेही प्रशिक्षण हा पेच सोडवू शकत नाही. तो मर्यादा बदलूनच सुटेल.

शिकवते कोण?

महाराष्ट्राचे राज्य प्रशिक्षण धोरण २०११चे आहे. पुण्यात ‘यशदा’सारखी नावाजलेली संस्था आहे. केंद्राने २०२०मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ जाहीर केले आणि त्याच्या ऑनलाइन व्यासपीठावर शेकडो पाठ्यक्रम आले. कागदावर कमतरता नाही.

पण संगांयोच्या टेबलावर बसणारा माणूस घडतो कसा? महसुली परीक्षांचा भर जमीन महसूल संहिता, लेखा आणि कार्यालयीन पद्धतीवर असतो. फेरफार आणि बिनशेतीची कलमे तोंडपाठ असलेला कर्मचारी एके सकाळी बदलीने या शाखेत येतो आणि दिव्यांग प्रमाणपत्र समोर धरतो. २०१६च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७वरून २१ केले. त्यात मानसिक आजार आहे, थॅलेसेमिया आहे, सिकलसेलही आहे. हे त्याला बहुधा पहिल्या वादाच्या वेळीच कळते. आधीच्या कर्मचाऱ्याने दिलेला चार्ज म्हणजे कपाटाच्या चाव्या, फायलींची यादी आणि पोर्टलचा पासवर्ड. दोन-तीन वर्षांत हात बसतो, तोवर पुन्हा बदली.

नवी योजना किंवा नवे पोर्टल आले की प्रशिक्षण होते ते व्हीसीवर किंवा जिल्ह्याच्या सभागृहात, एका दिवसाचे. पडद्यावर कुठले बटण दाबायचे ते दाखवले जाते. अपवादाचे प्रकरण कसे हाताळायचे, अर्ज नाकारताना कारण कसे लिहायचे, अपील कुठे होते हे कसे सांगायचे, ऐकू न येणाऱ्या किंवा गोंधळलेल्या वृद्धाशी कसे बोलायचे, यातले काही त्या दिवसात बसत नाही. शिवाय प्रशिक्षणाला गेलेल्या कर्मचाऱ्याचे टेबल त्या दिवशी बंद राहते. त्यामुळे ज्या कार्यालयावर भार जास्त, तिथला माणूस प्रशिक्षणाला सर्वांत कमी सुटतो. भार आणि प्रशिक्षण हे दोन वेगळे प्रश्न मानून चालत नाही ते यासाठीच. माणसे न वाढवता दिलेले प्रशिक्षण वाया जाते आणि न शिकवता वाढवलेली माणसे चुका वाढवतात.

पैशाचे काय? राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमात प्रशासकीय खर्चासाठी तीन टक्के रक्कम वापरता येते. दरमहा २०० रुपये घेणाऱ्या वृद्धामागे हा हिशेब वर्षाला ७२ रुपयांचा होतो. त्यात प्रसिद्धी, तपासणी, संगणक, प्रशिक्षण असे सगळे बसवायचे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालाने दाखवून दिले, की या कार्यक्रमाचे २ कोटी ८३ लाख रुपये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने इतर योजनांच्या प्रसिद्धीकडे वळवले होते.

२०२४चा लोंढा

भाराचा प्रश्न उघडा पडला तो ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत. शासन निर्णय २८ जून २०२४चा. अर्जाची पहिली मुदत १५ जुलै. उत्पन्न आणि अधिवासाच्या दाखल्यांसाठी सेतू केंद्रांवर आणि तहसीलांत रांगा लागल्या. काही दिवसांतच सरकारला मुदत वाढवावी लागली आणि पिवळ्या-केशरी शिधापत्रिकाधारकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट द्यावी लागली. ही सूट शहाणपणाची होती. जो कागद काढायला यंत्रणेकडे माणसे नाहीत, तो मागू नये, हा धडा त्यातून मिळाला. दोन कोटींहून अधिक अर्ज आले आणि पहिला हप्ता १७ ऑगस्टला वाटला गेला. वेगाच्या दृष्टीने ही कामगिरी मोठीच म्हणावी लागेल.

त्या वेगाची किंमत नंतर मोजली गेली. फेब्रुवारी २०२५मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी पाच लाख महिला अपात्र ठरल्याचे सांगितले. त्यात २ लाख ३० हजार संजय गांधी योजनेच्या लाभार्थी होत्या आणि १ लाख १० हजार ६५ वर्षांवरील. ही दोन कारणे नीट पाहिली पाहिजेत. संजय गांधी योजनेची यादी सरकारच्याच दुसऱ्या विभागाकडे होती आणि वय तर आधार कार्डावर छापलेले असते. हे शोधायला गुप्त चौकशी नको होती. अर्जामागे दोन मिनिटे आणि दोन याद्या जुळवण्याची सोय हवी होती. तपासणीचा वेळ नोंदणीतून कापला, तो काही महिन्यांनी पडताळणीच्या रूपात परत आला. अर्ज भरणाऱ्या अंगणवाडी सेविकेलाच पुढे दारोदार जाऊन चारचाकी आहे का ते पाहायला सांगण्यात आले. ज्या गावात रोज राहायचे तिथल्याच बायकांचा लाभ बंद करायची वेळ आली, तर शिव्या कोणाला पडणार?

२०२५च्या सप्टेंबरात ई-केवायसी आली. तिच्यात पती किंवा वडिलांच्या आधारची पडताळणी होती. ज्यांना दोघेही नाहीत अशा स्त्रियांचे कागद अखेर अंगणवाडी सेविकेकडेच द्यायचे ठरले. यंत्रात न बसणारे प्रकरण शेवटी माणसाकडेच येते, आणि ते माणूस आधीच दुसऱ्या कामात बुडालेले असते.

अंगणवाडीचा अनुभव

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ला ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिथे निदान मापदंड आहेत. लोकसंख्येचे प्रमाण ठरलेले, साधारण २५ अंगणवाड्यांमागे एक पर्यवेक्षिका, सेविकेसाठी कामाच्या २६ दिवसांचा पायाभूत वर्ग आणि अधूनमधून उजळणी वर्ग. शासकीय योजनांत इतकी स्पष्ट प्रशिक्षणरचना क्वचित दिसते.

पण मापदंड माणसांचा होता, कामांचा नव्हता. पूरक आहार, लसीकरणाला साहाय्य, वजन-उंची, पूर्वप्राथमिक शिक्षण, गृहभेटी आणि ११ नोंदवह्या ही मूळ कामे. त्यावर २०२१मध्ये पोषण ट्रॅकर आला आणि जुलै २०२५पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहरा पडताळणी. ऑगस्ट २०२१मध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. बंद पडणारे फोन आणि इंग्रजी शब्दांनी भरलेले ॲप या त्यांच्या तक्रारी होत्या. डिसेंबर २०२३पासूनचा संप ५० दिवसांहून अधिक चालला. त्यात मानधन, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी हे मुद्दे होते. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२मध्येच मान्य केला होता. इतके असूनही २०२४चा लोंढा याच बायकांच्या अंगावर आला, प्रति अर्ज ५० रुपयांच्या बोलीवर.

यंत्र आल्यावर

डिसेंबर २०२४पासून संजय गांधी आणि श्रावणबाळचे पैसे थेट लाभ हस्तांतरणाच्या (डीबीटी) पोर्टलवरून आधार-संलग्न खात्यात जाऊ लागले. याद्या काढून बँकेत पाठवण्याचे काम कमी झाले, मधले हात कमी झाले, हे चांगलेच. पण काम संपले नाही, त्याची जात बदलली. ‘माझे आधार बँकेत दिलेय, तरी पैसे का नाहीत?’ हा आता रोजचा प्रश्न. खात्याला आधार जोडणे वेगळे आणि डीबीटीसाठी ते खाते सीड असणे वेगळे. पैसे जातात ते शेवटी सीड झालेल्या खात्यात. कधीकाळी कुठल्या शिबिरात उघडलेले, विसरलेले खाते हेच ते खाते निघते. हे एक वाक्य समजावून सांगणारा कर्मचारी म्हातारीचे तीन हेलपाटे वाचवतो. न सांगणारा ‘बँकेत जा’ म्हणतो, आणि बँक ‘तहसीलला जा’ म्हणते.

माणूस काढून यंत्र बसवण्याच्या मोहाचा टोकाचा दाखला ऑस्ट्रेलियाचा. तिथल्या ‘रोबोडेट’ योजनेत वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांत सरासरी काढून लाभार्थ्यांवर वसुलीच्या नोटिसा काढल्या गेल्या आणि आधी कर्मचारी जी छाननी करत ती वगळली गेली. हंगामी कामगाराचे उत्पन्न सरासरीत बसत नाही, हे कोणत्याही जाणत्या कर्मचाऱ्याला ठाऊक होते. योजना बेकायदा ठरली आणि २०२३मध्ये रॉयल कमिशनने तिच्यावर कठोर अहवाल दिला.

अभ्यास आणि इतर राज्ये

आदित्य दासगुप्ता आणि देवेश कपूर यांनी भारतातल्या गटविकास अधिकाऱ्यांवर केलेला अभ्यास २०२०मध्ये प्रसिद्ध झाला. या कार्यालयांवर साधनांच्या मानाने कितीतरी जास्त कामे लादली जातात आणि जिथे माणसे-साधने बरी तिथे रोजगार हमीची अंमलबजावणीही बरी, असा त्याचा निष्कर्ष. तामिळनाडूत ३२० अंगणवाडी केंद्रांच्या प्रयोगात निवडक केंद्रांना अर्धवेळ एक जादा कार्यकर्ती दिली गेली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांचे भाषा-गणित सुधारले आणि मूळ सेविकेचा वेळ मोकळा झाल्याने कुपोषणही घटले. एका अर्धवेळ माणसाने हे साधले. तेलंगणात ‘रयतु बंधू’ या शेतकरी अनुदान योजनेच्या वेळी शेतकऱ्यांना फोन करून ‘पैसे मिळाले का’ विचारले जाईल, एवढे अधिकाऱ्यांना आधी सांगितले तरी वेळेवर वाटपाचे प्रमाण थोडे पण निश्चित वाढले. म्हणजे देखरेखीचा उपयोग आहे. मात्र ती लाभार्थ्याला विचारून व्हावी, कर्मचाऱ्याकडून आणखी एक तक्ता मागवून नको.

आंध्र प्रदेशाने २०१९मध्ये प्रत्येक ५० घरांमागे एक स्वयंसेवक नेमून पेन्शन दारात पोचवली. भाराचे माप इथे नेमके ठरलेले होते. पण ही माणसे ५,००० रुपये मानधनावरची आणि सत्ताधारी पक्षाची मानली गेलेली. निवडणूक आयोगाने २०२४च्या निवडणुकीआधी त्यांना वाटपापासून दूर ठेवले आणि सत्ताबदलानंतर ती व्यवस्था मोडली. त्यानंतर १ जुलै २०२४ला ६० लाखांहून अधिक पेन्शन वाटल्या गेल्या त्या ग्राम-सचिवालयांच्या नियमित कर्मचाऱ्यांकडून. पक्षाच्या भरवशावरची माणसे गेली, पदावर नेमलेली राहिली. केरळात सहकारी बँकांची माणसे घरपोच पेन्शन देतात. तिथेही जोर स्थानिक, कायम आणि ओळखीच्या यंत्रणेवर आहे.

काय करता येईल

या साऱ्याचा निष्कर्ष काढायचा तर पहिली गरज मापदंडाची. संगांयो शाखेत किती चालू लाभार्थ्यांमागे एक कर्मचारी, हे शासनाने ठरवून जाहीर करावे आणि संचमान्यतेसारखे दरवर्षी तपासावे. दुसरे, नवी योजना जाहीर करताना तिचे मनुष्यबळ-पत्रकही शासन निर्णयातच द्यावे: काम कोणाचे, तास किती, त्यांचे कोणते काम काढून घेतले. तिसरे, प्रशिक्षण बटणांचे न ठेवता प्रकरणांचे करावे. खऱ्या, नावे झाकलेल्या फायलींवर, वर्षातून ठरलेले दिवस आणि त्या दिवसांसाठी पर्यायी माणूस देऊन. चार्ज देताना आठवडाभर जुना-नवा कर्मचारी एकत्र बसावा, एवढे केले तरी बराच फरक पडेल. चौथे, २१,००० रुपयांची मर्यादा बदलावी. ती पाळायची तर खोटे लिहावे लागते, आणि खोटे लिहायला भाग पाडणाऱ्या नियमावर कोणतेही प्रशिक्षण उभे राहत नाही.

यासाठी समित्यांची वाट पाहायचे कारण नाही. माहिती अधिकार कायद्याचे कलम ४ कार्यालयाला स्वतःहून माहिती जाहीर करायला सांगते. वाचकांनी आपल्या तहसील कार्यालयाकडे चार गोष्टी मागाव्यात: संगांयो शाखेतली मंजूर पदे, प्रत्यक्ष भरलेली पदे, चालू लाभार्थ्यांची संख्या आणि तीन महिन्यांहून अधिक काळ पडून असलेले अर्ज. लाभार्थ्यांच्या संख्येला भरलेल्या पदांनी भागावे आणि जे उत्तर येईल ते आपल्या आमदाराला कळवावे.